व्हॉल्व्ह बसवलेल्या पेशंटला टीबी झाला तेव्हा: रिफाम्पिसिन आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी, एक पूर्ण केस

टीबीच्या गोळ्या सुरू झालेल्या घरातून पहिल्या दोन दिवसांत हमखास येणारा फोन म्हणजे "लघवी लाल होतेय, रक्त जातंय का?" नाही जात. रिफाम्पिसिनचा स्वतःचाच रंग आहे तो, लघवीत उतरतो, घामात उतरतो, डोळ्याच्या पाण्यात उतरतो, पांढऱ्या बनियनवर डाग पडतात, कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगून जातात, बाकी त्याने काही होत नाही. पण याच गोळीचं एक काम असं आहे की ते कुठेच दिसत नाही, पेशंटला काही जाणवत नाही, आणि त्याबद्दल फोन कधीच येत नाही. ही केस त्याची आहे.

मी माणदेशाच्या बाजूला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. आधीच सांगतो, पेशंटची ओळख लपवायची म्हणून दोन-तीन जणींच्या गोष्टी एकत्र करून एकच केस केलीय, वय-गाव बदललंय. यातले डोस आणि आकडे अशा केसमध्ये दिसतात तसे आहेत, पण ते त्या बाईंचे डोस आहेत, तुमचे नाहीत. वाचून कुणी आपली गोळी वाढवू-कमी करू नका.

तर ताई, वय ३८, वजन ४४ किलो. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला, सांधे सुजले, बरे झाले, घरचे विसरून गेले, आणि पुढे तिशीच्या आसपास दम लागायला लागला तेव्हा कळलं की हृदयाची एक झडप आकसून खराब झालीय. आपल्या खेड्यापाड्यात हे अजूनही दिसतं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं, धातूचा व्हॉल्व्ह बसवला. असा व्हॉल्व्ह बसला की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, कारण त्या बाहेरच्या वस्तूवर रक्ताची गुठळी धरते, आणि गुठळी धरली की एक तर व्हॉल्व्ह अडकतो नाहीतर तुकडा सुटून मेंदूत जातो आणि अर्धांग होतं. ताईंना ऍसिट्रोम होती, रोज संध्याकाळी २ मिलिग्रॅम. महिन्याला एकदा आयएनआर तपासायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. तुमचं-माझं साधारण १ असतं, ताईंचा व्हॉल्व्ह हृदयात ज्या जागी आहे तिथल्या व्हॉल्व्हला ते २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचं असतं. खाली गेलं तर गुठळी, वर गेलं तर रक्तस्राव. आठ वर्षं या बाईंनी ते बरोबर मधेच ठेवलेलं होतं, फाइलला सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. शिकलेल्या माणसांची फाइल अशी नसते.

२०२३ च्या दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. संध्याकाळी कणकण, वजन उतरायला लागलं. पहिला महिना सगळ्यांना वाटलं हृदयाचंच आहे, छातीत पाणी झालं असेल, लघवीची गोळी वाढवली. हे अगदी नेहमीचं, ज्याला एक मोठा आजार आहे त्याचं सगळं दुखणं त्याच खात्यावर टाकलं जातं. शेवटी एक्स-रे निघाला, बेडका तपासला ट्रूनॅटवर (ते मशीन आपल्या गोव्यातल्या कंपनीचं, आता तालुक्या-तालुक्यात पोचलंय), टीबी निघाला, रिफाम्पिसिनला दाद देणारा साधा टीबी. म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स: पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल, आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात हे रोज घ्यायचं असतं, चारही औषधं एकाच गोळीत, वजनाप्रमाणे गोळ्या मोजून. ३५ ते ४९ किलोला तीन गोळ्या, म्हणजे ताईंच्या पोटात रोज ४५० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन. सोबत हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन.

जानेवारी २०२४ मध्ये गोळ्या सुरू झाल्या. शुगर तपासली, एचआयव्ही तपासलं, लिव्हरचं रक्त तपासलं, सगळं नियमाप्रमाणे. इतर आजार विचारले तेव्हा त्या म्हणाल्या "हार्टचं ऑपरेशन झालंय, गोळी चालू हाय", आणि फॉर्मवर लिहिलं गेलं "हृदयविकार". कुठली गोळी, हे कुणी विचारलं नाही. गर्दीच्या दिवशी तो रकाना असाच भरला जातो, तेवढा एक प्रश्न पुढे विचारला असता तर खालचं अर्धं लिहावंच लागलं नसतं.

पहिले दोन आठवडे मस्त गेले. ताप गेला, भूक लागली, घरात सगळे खुश. तिसऱ्या आठवड्यात नेहमीचा महिन्याचा आयएनआर केला तो १.४. डिसेंबरमधला २.८ होता.

आता आयएनआर खाली आला की कुठलाही डॉक्टर दोन प्रश्न विचारतो आणि दोन्ही बरोबरच आहेत: गोळी चुकली का, आणि पालेभाज्या जास्त खाल्ल्या का. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. आणि इथे गंमत अशी की टीबी झाला म्हणून ताईंना सगळ्यांनी सांगितलेलं, चांगलं खा, अंडी खा, डाळ खा, पालेभाजी खा. घरची मेथी होती, शेपू होता, खात होत्या. झालं, सापडला आरोपी. मेथी बंद, शेपू बंद, शेवग्याचा पाला बंद, ऍसिट्रोम २ ची अडीच झाली. मिस्टरांना तर खात्रीच की ही टीबीच्या गोळ्यांनी कंटाळून संध्याकाळची गोळी टाकून देतेय. आठवड्याने परत तपासलं, १.२. म्हणजे गोळी वाढवली, भाजी बंद केली, तरी अजून खाली. घरात भांडण.

मी तेव्हा खिडकीवर होतो, पुढच्या गोळ्या न्यायला दोघं आलेले, आणि ते भांडण खिडकीतच चालू. ताई मला म्हणतात, "आवो साहेब, एक बी दिस चुकवल्याला न्हाय, पोरीला इचारा, तीच पानी आणून देती." मी म्हटलं कुठली गोळी? घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन या, चालू असलेल्या, अर्ध्या राहिलेल्या, सगळ्या. घर जवळ होतं, मिस्टर गाडीवर जाऊन घेऊन आले. पिशवीतून टीबीची पट्टी, लघवीची गोळी, एक कॅल्शियम, आणि ऍसिट्रोम. त्या चार पट्ट्या एका टेबलावर शेजारी-शेजारी पडल्यावर पुढचं सांगायला फार हुशारी लागत नाही. आमच्या मॅडमना, म्हणजे मेडिकल ऑफिसरना, बोलावलं. त्यांनी पट्टी उचलली, ताईंकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रात्री झोपताना व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते का नेहमीसारखी?" धातूचा व्हॉल्व्ह शांततेत ऐकू येतो, ज्यांना असतो त्यांना माहीत आहे. तो आवाज दबला तर गुठळी धरतेय का असा संशय घ्यायचा. ताई म्हणाल्या येते, अगदी रोजच्यासारखी. दम? नाही. हात-पाय जड, बोलताना जीभ अडखळणं? नाही. मॅडमनी शहरातल्या व्हॉल्व्हच्या हॉस्पिटलला तिथूनच फोन लावला.

काय झालं होतं ते सांगतो. आपण खातो त्या बहुतेक औषधांची मोडतोड लिव्हरमध्ये होते, तिथली एन्झाइम्स हे काम करतात. रिफाम्पिसिन लिव्हरला ही एन्झाइम्स जास्त बनवायला लावतं. समजा भांगलणीला रोजच्या चार बायका होत्या तिथे एकदम बारा लावल्या, तर आठवड्याचं रान दोन दिवसांत साफ. तसं ऍसिट्रोम पोटात जातेय बरोबर, चुकत काही नाही, पण लिव्हर ती इतक्या पटकन मोडून टाकतेय की रक्तात टिकतच नाही. हे पहिल्याच दिवशी होत नाही, हळूहळू वाढत जातं, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण जोर येतो. म्हणून तिसऱ्या आठवड्याला १.४ आणि चौथ्याला १.२. आणि दुसरी गोष्ट, जी या केसमध्ये शेवटी कामाला आली: रिफाम्पिसिन बंद केलं तरी वाढलेली एन्झाइम्स लगेच जात नाहीत. गोळी स्वतः एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जाते, पण एन्झाइम्स मूळ पातळीवर यायला दोन आठवडे, कधी चारही लागतात.

आणि हे फक्त रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाही बरं का. यादी मोठी आहे. फिटची फेनिटॉइन, शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, थायरॉइडची गोळी, प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड, एचआयव्हीची औषधं (डोल्युटेग्राव्हिर असेल तर दिवसातून दोनदा करावं लागतं), बुरशीची औषधं, किडनी बदललेल्यांची औषधं, आणि गर्भनिरोधक गोळ्या. माला-एन घेणाऱ्या बाईला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की माला-एनवर भरवसा नाही, दुसरा उपाय करायचा, कॉपर टी किंवा निरोध, आणि कोर्स संपल्यावरही महिनाभर. हे बायका खिडकीवर विचारत नाहीत आणि पुरुष फार्मासिस्ट सांगायला लाजतात, म्हणून आमच्याकडे ते आशाताईंनीच सांगायचं असं ठरवून घेतलंय. ताईंचं मुलीनंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं, तो प्रश्न नव्हता.

मग काय करायचं. मिस्टरांचा साधा प्रश्न होता: "त्यातली ती एक गोळी काढून टाका की, बाकीच्या तीन चालू द्या." वाटतं तितकं ते सोपं नाही. रिफाम्पिसिन आहे म्हणून टीबी सहा महिन्यांत बरा होतो, ते येण्याआधी दीड वर्ष औषधं चालायची. ते काढलं तर कोर्स लांबतो, औषधं बदलावी लागतात, आणि ताईंचा टीबी तर रिफाम्पिसिनला चांगली दाद देणारा होता, तो हातचा सोडायचा का? त्याचा रिफाब्युटिन म्हणून एक भाऊ आहे, तो एन्झाइम्स कमी वाढवतो, पण तो सहज मिळत नाही आणि त्यानेही डोस हलतोच. नव्या पद्धतीच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ज्यांना आयएनआर लागत नाही, त्या धातूच्या व्हॉल्व्हला चालतच नाहीत आणि रिफाम्पिसिन त्यांनाही मोडतं. हॉस्पिटलवाल्या डॉक्टरांनी आणि मॅडमनी फोनवर ठरवलं ते असं: टीबीचं काही हलवायचं नाही, एक दिवसही थांबवायचं नाही, आणि ऍसिट्रोम आयएनआर बघत-बघत वर न्यायची. मला ते पटलं. दोन्ही औषधं एकाच वेळी हलवली की पुढच्या रिपोर्टचा अर्थ कुणालाच लागत नाही.

ताईंना भरती केलं. इको झाला, व्हॉल्व्हची पाकळी नीट हलतेय, गुठळी नाही. आयएनआर वर येईपर्यंत पोटाच्या कातडीखाली घ्यायचं, रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनच्या जातीचं इंजेक्शन, एनोक्सापॅरिन, कारण त्याचा या एन्झाइम्सशी संबंध नाही, रिफाम्पिसिन त्याला हात लावत नाही. ऍसिट्रोम २.५ वरून ४, मग ५. दर तीन दिवसांनी रक्त. १.६ झालं, २.१ झालं, अडीचच्या वर टिकल्यावर इंजेक्शन बंद करून घरी सोडलं, आणि मग आठवड्याला एकदा. शेवटी ६ मिलिग्रॅमवर २.९ ला स्थिरावलं, म्हणजे मूळच्या तिप्पट डोस. लोक हा आकडा ऐकून घाबरतात. दुपटीपासून पाचपटीपर्यंत डोस न्यावा लागल्याच्या नोंदी आहेत, तिप्पट काही जगावेगळं नाही. पण मेडिकलच्या दुकानात नवीन मुलगा असला की "एवढी कशी लिहिली, चुकून झालं असेल" म्हणून परत पाठवायचा, म्हणून मॅडमनी ऍसिट्रोमच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "टीबीचे रिफाम्पिसिन चालू आहे म्हणून डोस जास्त." ते एक वाक्य फार उपयोगी पडलं.

मेथी परत सुरू झाली. भाजी सोडायची नसते, रोज साधारण सारखीच खायची असते, मग डोस त्या भाजीला धरून बसतो. आणि आयएनआर शक्यतो एकाच लॅबला करायचा, दोन लॅबच्या आकड्यात थोडा फरक येतो आणि त्या फरकावर डोस बदलला तर उगाच घोळ.

मधल्या महिन्यांतलं थोडक्यात. सकाळी उपाशीपोटी तीन गोळ्या, नाश्त्याच्या आधी तासभर, रिफाम्पिसिन उपाशीपोटी चांगलं लागू पडतं. ताईंना मळमळायचं, ऍसिडिटीचं पातळ औषध लगेच वर प्यायच्या. ते टाळायला सांगितलं, ऍल्युमिनियमवालं ऍसिडिटीचं औषध रिफाम्पिसिन अंगाला लागू देत नाही, निदान तास-दीड तासाचं अंतर पाहिजे. मळमळ राहिलीच तेव्हा मॅडम म्हणाल्या दोन घास भाकरी खाऊन घ्या, थोडी कमी लागू पडली तरी उलटून पडण्यापेक्षा किंवा बंद करण्यापेक्षा बरं.

दुसऱ्या महिन्यात सांधे धरले. ते बहुतेक पायराझिनामाइडमुळे, युरिक ऍसिड वाढतं. ताई नेहमीप्रमाणे सोसत बसल्या आणि मिस्टर दुकानातून दुखण्याची गोळी घेऊन आले, डायक्लोफिनॅक. नशीब की आता घरात सवय लागली होती, नवीन पट्टी आली की आधी मला व्हॉट्सऍपवर फोटो. रक्त पातळ असलेल्या माणसाने ही गोळी खाल्ली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि मूळ दुखणं टीबीच्या गोळीमुळे असेल असा कुणी विचारही केला नसता. मॅडमनी पॅरासिटामॉल मोजून दिली, तीही चार दिवस, कारण लिव्हरवर आधीच तीन औषधांचं ओझं आहे.

लिव्हरचं जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. टीबीच्या औषधांतली तीन, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, लिव्हरला त्रास देऊ शकतात. लघवी आधीच केशरी, त्यामुळे काविळीची गडद लघवी ओळखायची कशी? लघवीवर जाऊच नका. डोळ्याचा पांढरा भाग उजेडात बघा, अन्नावरची वासना एकदम उडाली का, सारखी उलटी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, अंगाला खाज. यातलं काही झालं तर त्या दिवशीची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, चार दिवस वाट बघत बसायचं नाही. आमच्याकडे कावीळ म्हटलं की झाडपाल्याचं औषध देणारा माणूस प्रत्येक पंचक्रोशीत असतो आणि लोक आधी तिकडे जातात, टीबीच्या पेशंटला ते दोन आठवडे फार महाग पडतात. ताईंच्या बाबतीत मात्र एक जास्तीचा पहारेकरी होता: आयएनआर. रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवते, लिव्हर आजारी पडली तर ते कमी बनतात आणि आयएनआर आपोआप वर जातो. म्हणून मॅडमनी सांगून ठेवलेलं, डोस तोच असताना आयएनआर अचानक चढला तर आधी लिव्हरचं रक्त, मग ऍसिट्रोमचा विचार. तसं झालं नाही, पण नियम चांगला आहे.

मार्च-एप्रिलमध्ये नवीनच संकट, गोळ्यांचा तुटवडा. २०२४ च्या त्या दिवसांत बऱ्याच राज्यांत टीबीच्या एकत्र गोळ्या कमी पडल्या, केंद्राने राज्यांना तात्पुरती आपापल्या पातळीवर खरेदी करायला सांगितलं. बाकीच्या पेशंटना आम्ही आठवड्या-आठवड्याचं वाटत होतो, जे मुळात वाईटच, पण ताईंच्या बाबतीत खंड म्हणजे दुहेरी धोका. टीबी बिघडणार हे एक. दुसरं म्हणजे रिफाम्पिसिन आठ-दहा दिवस थांबलं की एन्झाइम्स उतरायला लागणार आणि ६ मिलिग्रॅम ऍसिट्रोम तशीच चालू राहिली तर आयएनआर आभाळात. शिवाय रिफाम्पिसिन मधेच सोडून परत सुरू केलं की काही जणांना थंडी-ताप येतो, क्वचित प्लेटलेट एकदम पडतात नाहीतर किडनीला फटका बसतो. प्लेटलेट पडल्या किंवा किडनीला फटका बसला तर ती गोळी त्या माणसाला परत कधीच द्यायची नसते. पातळ रक्त आणि पडलेल्या प्लेटलेट एकत्र, याची मला कल्पनाही नको होती. तीन औषधांची तीच गोळी, त्याच मात्रेची, जिल्ह्यातून खरेदी होऊन आली तोवर सुट्या गोळ्या जुळवून दिल्या, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावून. एकही दिवस रिकामा गेला नाही. हे माझ्या नोकरीतलं मला मनापासून आवडलेलं काम आहे.

आता शेवट, आणि ही सगळी केस मी लिहितोय ती मुळात या भागासाठी.

जुलैमध्ये कोर्स संपला. बेडका साफ, वजन ५१ किलो. मिस्टर पेढे घेऊन आले. गावाच्या हिशोबाने गोष्ट संपली. पण खरं बघाल तर त्या दिवशी ताई रोज ६ मिलिग्रॅम ऍसिट्रोम घेत होत्या आणि ती ६ ची गरज ज्या गोळीमुळे होती ती आदल्या दिवशीच बंद झाली होती. भांगलणीच्या जास्तीच्या बायका एकेक करून घरी निघाल्या, रान मात्र तेवढंच. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत हीच ६ मिलिग्रॅम विषासारखी होणार. अशा पेशंटला सर्वात जास्त रक्तस्रावाचा धोका कोर्स चालू असताना नसतो, तो संपल्यानंतर असतो, जेव्हा ना टीबीवाला फोन करतो, ना पेशंटला वाटतं आपल्याला काही झालंय.

मॅडमनी शेवटच्या महिन्यातच प्लॅन करून ठेवला होता. घरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने तारखा: शेवटची टीबीची गोळी, त्यानंतर पाच आठवडे दर आठवड्याला आयएनआर, आणि प्रत्येक रिपोर्टनंतर हॉस्पिटलला फोन. पहिला आठवडा ३.२, डोस ६ वरून ५. दुसऱ्या आठवड्यात पाऊस आणि सासूबाई आजारी, रक्त द्यायला जाणं राहिलं. गोळी ५ चीच चालू. तिसऱ्या आठवड्यात सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं आणि थांबेना, दंडावर न लागता काळानिळा डाग. या वेळी त्यांना काय करायचं ते माहीत होतं, थेट लॅब, आयएनआर ५.४. डोकं दुखणं, काळी शी, उलटीत रक्त असं काही नव्हतं. हॉस्पिटलने दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं नाही (धातूचा व्हॉल्व्ह असताना रक्त एकदम उलट्या बाजूला गोठायला लागलं तर तेही नको), तिसऱ्या दिवशी ३.६, मग ३ मिलिग्रॅमवर सुरू. पाचव्या आठवड्यात अडीच. सहाव्यात परत मूळची २, आयएनआर २.७.

आमच्या इथे या केसनंतर बदललं ते एवढंच की फॉर्मवर आजाराच्या नावासमोर गोळीचं नाव पट्टी बघून लिहायचं, आणि रक्त पातळ करणारी, फिटची, शुगरची, थायरॉइडची गोळी असेल तर उपचार संपायच्या तारखेपुढे चार आठवड्यांची दुसरी तारीख टाकायची. घरातल्यांच्या प्रतिबंधक औषधाच्या वेळीही पिशवीच मागवली. मुलीला बारा आठवडे आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध दिलं, त्यात रिफापेंटिन असतं, ते रिफाम्पिसिनच्याच घराण्यातलं आणि तेही एन्झाइम्स वाढवतं. तिला दुसरी काही गोळी नव्हती. सासूबाईंच्या पिशवीत मात्र ग्लिमेपिराइड निघाली आणि बीपीची एक, म्हणून त्यांना मॅडमनी सहा महिने नुसतं आयसोनियाझिड दिलं.

ताई आता महिन्याला एकदा आयएनआर करतात, आणि टीबीचा फॉलोअप दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत.